फाउल म्हणजे पू

सानपाड्याहून एकांनी विचारलंय: "सोसायटीच्या नोटिशीत 'होल्डिंग पाँडकडून (म्हणजे पावसाचं पाणी साठवणाऱ्या खाडीलगतच्या तळ्याकडून) फाउल वास येतो' असं लिहिलंय. फाउल तर खेळात होतो ना? आणि मराठीत काय म्हणावं?"

'फाउल वास' ऐकून ऐकून कान किटले आहेत. पण शब्दाचा अर्थ मात्र नोटीस लिहिणाऱ्याने चुकवलेला नाही. इंग्रजीत फाउलचा जुना अर्थच सडका, कुजका. मैदानावरचा फाउल नंतरचा. जर्मनमध्ये याचंच भावंड आजही सडक्या सफरचंदाला लावतात, आळशी माणसालाही.

आता खरी गोष्ट. संस्कृतात जिथे 'प', तिथे इंग्रजीत बहुधा 'फ': पितृ-फादर, पाद-फुट. मग फाउलच्या 'फ'च्या जागी 'प' आणा. गळवातला पू हाती लागतो! संस्कृत पूय, पूति (दुर्गंधी), लॅटिनमधून आलेला डॉक्टरांचा 'पस' आणि हा फाउल, सगळे एका धातूचे. म्हणून इंग्रजी संस्कृतातून निघाली असं कुणी छाती फुगवून सांगू नये. ही चुलत भावंडं आहेत.

काही युरोपीय पंडित म्हणतात, 'पू' हा मुळात नाक मुरडतानाचा उद्गार. साफ नामंजूर. नासकं अंडं फोडून 'पू!' म्हणणारा माणूस मला ठाण्यापासून पनवेलपर्यंत दाखवा. आपण 'शी!' म्हणतो.

माझ्या मते पूतनाही याच कुळातली. 'पूत' म्हणजे शुद्ध, 'ना' म्हणजे नाही, ही फोड ओढूनताणून केलेली आहे. सुश्रुतसंहितेतल्या नऊ बालग्रहांत पूतना, अंधपूतना, शीतपूतना अशा तिघी आहेत. त्यांनी धरलेल्या बाळाला जुलाब होतात, अंगाला वास येतो. पूति सोडून दुसरीकडे बघायचं कशाला?

हां, नोटीस. मराठीत दूध नासतं, बटाटा सडतो, पाचोळा कुजतो, तेल खवट होतं, पावसाळ्यात कपाट कुबट होतं. या सगळ्यांना एकच 'घाण वास' म्हणणं म्हणजे जिभेचा आळस. ओहोटीला खाडीच्या चिखलातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, त्याचा वास थेट नासक्या अंड्यासारखा. तेव्हा 'पाँडकडून नासक्या अंड्यासारखा वास येतो' असं लिहा. वाचणाऱ्याला कुठला वास ते लगेच कळेल.