समोरचे अप्पर का मारतात? हेडलाइटच्या फोकसबद्दल प्रश्नोत्तरे

दिवाळी झाली की दिवस लवकर मावळतो, कापसाच्या ट्रॉल्या रात्रीच्या जिनकडे (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याकडे) निघतात आणि माझ्याकडे हेडलाइटचे प्रश्न यायला लागतात. या वेळी चार घेतले आहेत.

प्रश्न (दारव्हा तालुका): सेकंडहँड गाडी घेतली. आधीच्या मालकानं बंपर बदलला होता. मी डिपरवर (खालच्या झोतावर) असलो तरी समोरचे अप्पर (वरचा झोत) मारून दाखवतात. गावात फोकस सेट करणारं कोणी नाही. घरी जमेल का?

जमेल, पण पेचकस हातात घेण्याआधी बॉनेट उघडा आणि बल्ब नीट बसलाय का ते बघा. एच-फोर बल्बला (अप्पर-डिपर दोन्ही एकातच असलेल्या हॅलोजनला) तीन कान असतात आणि ते एकाच पद्धतीनं खाचेत बसतात. घाईत वाकडा बसवून वरून क्लिप दाबली, तर डिपरचा उजेड आकाशाकडे जातो. मग स्क्रू कितीही फिरवा, उपयोग नाही. फोकस बिघडला म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी गाड्यांत एवढंच निघालं.

बल्ब ठीक असेल तर सपाट जागा शोधा. जिनिंगचा किंवा बाजार समितीचा काँक्रीटचा ओटा चालेल. शाळेचं मैदान नको, पाणी जावं म्हणून त्याला उतार दिलेला असतो. मी स्वतः एकदा घरच्या अंगणात फोकस सेट केला, मोठ्या ऐटीत यवतमाळला निघालो, तर वाटभर कडुनिंबाचे शेंडे लख्ख दिसत होते आणि रस्ता अंधारात. अंगणाचा उतार वीतभर होता, डोळ्याला कळलाच नव्हता.

चारही टायरमध्ये हवा बरोबर असू द्या, डिकी रिकामी करा, चालकाच्या सीटवर कोणाला तरी बसवा. डॅशबोर्डवर लाइट वर-खाली करायचं चाक असेल तर ते ० वर ठेवा. गाडी भिंतीला अगदी जवळ नेऊन दोन्ही हेडलाइटच्या मध्याची खूण खडूनं भिंतीवर करा. मग सरळ मागे या, बरोबर १० मीटर. आता प्रत्येक खुणेच्या १० सेंटिमीटर खाली आडवी रेघ मारा. बऱ्याच गाड्यांच्या लाइटवर ‘१.०%’ किंवा ‘१.२%’ असं छापलेलं असतं. तो उजेडाच्या उताराचा आकडा आहे. १.२ असेल तर रेघ १२ सेंटिमीटर खाली.

डिपर लावा. उजेडाची वरची कड उजवीकडे आडवी दिसेल आणि मधून डावीकडे तिरपी वर चढेल. तो चढ दोष नव्हे. आपण डावीकडून चालतो, म्हणून डाव्या कडेचा माणूस, बंडी (बैलगाडी), दगड दिसावा यासाठी तो मुद्दाम ठेवलेला असतो. आडवी कड रेघेवर आणा आणि चढ जिथे सुरू होतो तो कोपरा त्या त्या लाइटच्या खुणेच्या सरळ खाली. लाइटच्या मागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली, दुसरा आजूबाजूला. अर्धा फेरा फिरवा, भिंत बघा, मग पुढचा. एका वेळी एकच लाइट ठेवा, दुसऱ्याचा सॉकेट काढून घ्या. फडक्यानं झाकू नका, काच प्लास्टिकची असते आणि हॅलोजन चांगलाच तापतो.

समोरच्यांचा त्रास वाचावा म्हणून फोकस पार खाली घेणारेही आहेत. हिशेब करा. लाइट जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आणि उतार १ टक्का, तर डिपर ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. उतार २ टक्के केला की जेमतेम ३२ मीटर. कोरड्या डांबरावर ६० च्या वेगात ब्रेक मारला, तरी दचकण्यापासून थांबेपर्यंत ४० मीटरच्या आसपास जातात. म्हणजे रोही (नीलगाय) दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

प्रश्न (वरुड): रिकाम्या गाडीला काही त्रास नाही. मागे संत्र्याचे क्रेट भरले की समोरचे चिडतात.

त्यांचं बरोबर आहे. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटर धरा. मागचा भाग ५ सेंटिमीटर दबला, तर गाडीचं तोंड २ टक्के वर उचललं जातं. १ टक्का खाली असलेला फोकस आता १ टक्का वर. ५० मीटरवर तो सव्वा मीटरच्या जवळ पोचतो, म्हणजे समोरच्या कारवाल्याच्या थेट डोळ्यात.

डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक यासाठीच असतं. आकडा जितका मोठा, तितका फोकस खाली. क्रेट भरले की फिरवा, उतरवले की परत ०. चाक नसेल तर वजनी माल जमेल तितका पुढे सरकवून भरा. भरलेल्या गाडीवर स्क्रू फिरवून फोकस बसवू नका, दुसऱ्या दिवशी रिकाम्या गाडीला रस्ता दिसणार नाही. थोड्या मालानंही मागचा भाग बसत असेल, तर दुखणं कमानीत किंवा शॉकअपमध्ये आहे.

प्रश्न (भंडारा जिल्हा): पांढरे एलईडी बल्ब टाकले. पाट्या झगझगीत दिसतात, पण धुक्यात आणि पावसात रस्ताच दिसत नाही. आता १०० वॉटचे हॅलोजन टाकू का?

नको. तुमच्या लाइटची आतली वाटी एच-फोरच्या तारेसाठी घडवलेली आहे. तार जिथे असते तिथून मिलिमीटरभरही उजेड हलला, तर वाटी तो भलतीकडे फेकते. एलईडीच्या पट्ट्या त्या तारेच्या जागी हुबेहूब बसत नाहीत, म्हणून वरची कड पुसली जाते आणि धुक्याच्या थेंबांवरून सगळा उजेड तुमच्याच डोळ्यात परत येतो. १०० वॉटचं तर नावच काढू नका. होल्डर आणि वायरिंग ६०/५५ वॉटसाठी असतं, होल्डर वितळतो.

मूळ बल्ब परत घाला आणि इंजिन चालू ठेवून बॅटरीवर आणि बल्बच्या सॉकेटवर व्होल्ट मोजून घ्या. जुन्या वायरिंगमध्ये वाटेत १ व्होल्ट गळाला, तर हॅलोजनचा सुमारे पाव उजेड जातो. रिले (विजेवर चालणारा स्विच) टाकून बॅटरीपासून जाड वायर आणली की तो परत मिळतो. काच पिवळी पडली असेल तर आधी पॉलिश करून घ्या. एवढं केल्यावर नवा बल्ब घ्यायची वेळ सहसा येत नाही.

प्रश्न (मूर्तिजापूर तालुका): आमच्याकडे कार नाही, बंडी आहे. रात्री शेतातून येताना मागून गाडी आली की जीव मुठीत असतो. काय करावं?

तुमचा प्रश्न खरं तर पहिला घ्यायला हवा होता. लाल रिफ्लेक्टर टेप घ्या आणि खाली लावा, गुडघ्याच्या उंचीवर. लोक ती वर, दिसायला बरी म्हणून लावतात, पण डिपरचा जोर खालीच असतो, हे वरच्या हिशेबात आलंच. बंडीच्या मागच्या फळीच्या दोन्ही टोकांना लावा, म्हणजे बंडीची रुंदी कळेल. पुढून जुवाला पांढरी टेप. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) भरली की ती मागे लोंबते आणि टेप झाकते. निघताना तेवढी खोचून घ्या, आणि टेपवरचा चिखल ओल्या फडक्यानं पुसा.