चाबी बंद केली की वायरलेस सेट चॅनेल विसरतो? सेट बदलायच्या आधी हे वाचा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की टिप्परमधला वायरलेस सेट चाबी बंद केली की चॅनेल आणि आवाज दोन्ही विसरतो, सेटच्याच बटणाने बंद केला तर मात्र सगळं जिथल्या तिथे राहतं, आणि दुकानदार म्हणतो सेटच बदला. नका बदलू. हेच दुखणं मी दीड वर्ष काढलंय. तेव्हा उमरेडच्या बाजूने कोळसा वाहणाऱ्या अकरा टिप्परांची वायरिंग माझ्याकडे होती.

परवाना, अँटेना, फ्रिक्वेन्सी हे तुमचं झालेलं असणार असं धरून चालतो.

बटणाने बंद केल्यावर सेटिंग टिकतं, यातच तुमचं उत्तर आहे. बरेच सेट बटण दाबलं की आधी शेवटचं चॅनेल आणि आवाज मेमरीत लिहितात, मग बंद होतात. चाबीवरून करंटच तोडला तर लिहायला वेळ मिळत नाही. त्यातून ॲक्सेसरीच्या लाइनवर (चाबीच्या पहिल्या टप्प्यावर मिळणारी) जोडलं असेल तर आणखी घोळ, कारण बहुतेक गाड्यांत सेल्फ मारताना ती लाइन तेवढ्यापुरती बंद होते. म्हणजे सेट चालू, बंद, पुन्हा चालू. (सेट दर वेळी नेमक्या एकाच चॅनेलवर येत असेल तर प्रोग्रामिंगही एकदा तपासून घ्या. काही सेटमध्ये चालू होतानाचं चॅनेल ठरवून दिलेलं असतं.)

जोडणी अशी हवी: जाड वायर थेट बॅटरीवरून (२४ व्होल्टच्या गाडीत मध्ये कन्व्हर्टर, ते पुढे सांगतो), फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, आणि चाबीवर फक्त इग्निशन सेन्सची बारीक वायर. तीही ॲक्सेसरीवर नको, इग्निशनवर घ्या, म्हणजे सेल्फ मारतानाही न तुटणाऱ्या लाइनवर. मग चाबी फिरवली की सेटला नुसता इशारा मिळतो आणि तो नीट आवरून बंद होतो. ही पिन कुठे आहे आणि तिला किती व्होल्ट चालतात ते प्रत्येक सेटच्या मॅन्युअलमध्ये बघा, वायरच्या रंगावर विसंबू नका.

आता माझी चूक सांगतो, कारण तुम्ही त्याच वाटेवर आहात असं वाटतंय. टिप्पर २४ व्होल्टचा, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून, आणि सेट १२ चा. आमच्या गाड्यांत चाबीच्या लाइनवर छोटे कन्व्हर्टर (२४ चे १२ करणारे) होते. वायरमन म्हणाला, "कन्व्हर्टर काढा, दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून सरळ बारा घ्या, चोवीस तास लाइन मिळेल." केलं. पहिल्याच दिवशी चॅनेल टिकलं. मी इतका खूश झालो की आठवड्यात अकराही गाड्या तशाच करून टाकल्या.

मे महिन्यात एका गाडीने सकाळी सेल्फ घेतला नाही. ढकलून चालू केली आणि मीटर लावला. दोन्ही बॅटऱ्या मिळून २८ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग व्यवस्थित. मग एकेक मोजली. ज्या बॅटरीवरून सेट घेतला होता ती १२.९, दुसरी १५.१. दुसरीची बुचं उघडली तर पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं, टर्मिनलवर पांढरी पूड, आणि हात लावला तर चटका. एक बॅटरी रोज थोडी थोडी उपाशी राहत होती आणि तिच्या वाटचं चार्जिंग दुसरीला उकळत होतं. अल्टरनेटर दोघींची बेरीजच बघतो, वाटणी बघत नाही. अकरापैकी सहा गाड्यांच्या जोड्या बदलाव्या लागल्या. त्या पैशात सगळ्या गाड्यांना उत्तम कन्व्हर्टर बसले असते. हे आठवलं की आजही जीव हळहळतो.

आणि हे सगळं टळलं असतं. त्याआधी मी सेट तीनदा अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेला होता. नाव घेत नाही. तीनही वेळा त्यांनी तो टेबलावर लावून बघितला. टेबलावरची सप्लाय कोणी अचानक तोडत नाही, तिथे तो विसरणार कसा? पहिल्यांदा "ओके" लिहून दिलं, दुसऱ्यांदा "मेमरी खराब" म्हणून बिल घेतलं, तिसऱ्यांदा नवा सेट घ्या म्हणाले. गाडी बाहेर उभी होती, एकानेही खाली येऊन बघितली नाही. वायरिंगचा नकाशा मागितला तर म्हणाले, तो फक्त डीलरला देतो. शेवटी दुसऱ्या सेटच्या खोक्यात इन्स्टॉलेशनचं पुस्तक मिळालं, त्यात ती पिन स्पष्ट छापलेली होती. ग्राहकाला ते एक पान दाखवायला काय हरकत होती, हे मला अजून कळलेलं नाही.

तर २४ च्या गाडीत कन्व्हर्टरच लावा, आणि तो बॅटऱ्यांच्या जोडीच्या बाहेरच्या दोन टोकांवरून, म्हणजे पूर्ण २४ वर. २५ वॅटचा सेट बोलताना सात-आठ अँपिअर ओढतो, म्हणून माझ्या मते १५ अँपिअरच्या खाली घेऊ नका. फार स्वस्तातला कन्व्हर्टर सेटमध्ये खरखर आणतो. इंजिनच्या झाकणाजवळ बसवू नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात केबिन आधीच भट्टी झालेली असते. सीटच्या मागे, हवा लागेल असा ठेवा.

कन्व्हर्टर कायम चालू राहिला तर थोडा करंट खातोच. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. रोज चालणाऱ्या गाडीला काही होत नाही, पण महिनाभर उभी राहणार असेल तर फ्यूज काढून ठेवा. आणि ट्रॉलीला वेल्डिंग करताना बॅटरीची केबल आणि सेटचा प्लग दोन्ही काढायचे. हे ड्रायव्हरला बजावून सांगा, वेल्डर स्वतःहून थांबत नाही.

मी काही इंजिनिअर नाही, हाताने केलंय तेवढंच सांगतोय. गाडी वॉरंटीत असेल तर आधी विचारून घ्या.

तुमच्या वायरमनने एका बॅटरीवरून लाइन घेतली असेल तर आजच काढा. मग गाडी चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे वेगवेगळे मोजा आणि सेटच्या मॉडेल नंबरसोबत इथे लिहा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर पाण्याची पातळी बघितल्याशिवाय गाडी ट्रिपला पाठवू नका.