वाचकांचे प्रश्न : कोलेस्टेरॉल आणि वनस्पतींचे अर्क

प्रश्न : माझं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५६ आलंय, वजनही वाढलंय. डॉक्टरांनी स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध लिहून दिलंय. त्याऐवजी गुग्गुळ, गार्सिनिया आणि ग्रीन टीचा अर्क असलेली कॅप्सूल घेतली तर चालेल का?

उत्तर : नाही, स्टॅटिन परस्पर बंद करू नका. गुग्गुळाची २००३ साली अमेरिकेत आठ आठवडे चाचणी झाली. एलडीएल कमी होण्याऐवजी थोडं वाढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. गार्सिनिया या कोकमाच्या कुळातल्या फळातल्या हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाची वजनासाठी चाचणी १९९८ साली झाली. रोज १५०० मिलिग्रॅम, बारा आठवडे. वजन औषध नसलेल्या दिखाऊ गोळीइतकंच उतरलं. शिवाय ते घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

ग्रीन टी पिणं वेगळं आणि तिचा अर्क गिळणं वेगळं. अर्कातून ईजीसीजी हा ग्रीन टीतला मुख्य घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेला, की काहींच्या रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण दिसते. उपाशीपोटी घेतल्यास तो रक्तात जास्त उतरतो, धोकाही वाढतो. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज सुटणं, उजवीकडे बरगडीखाली दुखणं, यातलं काहीही जाणवलं तर कॅप्सूल लगेच थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. कॅप्सूलची बाटली सोबत न्या.

वनस्पतीच हवी असेल तर इसबगोल घ्या. त्याचा भुसा आतड्यात पित्ताम्लं धरून ठेवतो. मग नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. दिवसाला साधारण १० ग्रॅम घेतल्यास एलडीएल ५ ते १० टक्के उतरू शकतं. हे स्टॅटिनच्या जोडीला, त्याच्या जागी नाही.

पहिले काही दिवस ३ ग्रॅम घ्या आणि दोन आठवड्यांत हळूहळू वाढवत न्या. एकदम जास्त घेतलं तर पोट फुगतं, गॅस होतो, आणि बरेच जण तिथंच सोडून देतात. दर वेळी भुसा ग्लासभर पाण्यात, म्हणजे २४० मिलिलिटरमध्ये ढवळून ताबडतोब प्या. दोन-चार मिनिटं ठेवलात तर चमचा उभा राहील असा लगदा होतो. वरून आणखी ग्लासभर पाणी प्या. कोरडा भुसा तोंडात टाकू नका, तो अन्ननलिकेत फुगून अडकतो. गिळायला त्रास होत असेल किंवा आतडं कधी अडलं असेल, तर इसबगोल नकोच. बाकीच्या गोळ्यांमध्ये आणि त्यात दोन तासांचं अंतर ठेवा, थायरॉइडच्या गोळीसाठी चार तास. सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) पुन्हा करा.

वजनाचं म्हणाल, तर इसबगोलनं पोट भरल्यासारखं वाटतं, पण त्यावर वजन फारसं उतरत नाही.

प्रश्न : स्टॅटिननं माझे स्नायू दुखतात. लाल यीस्टनं आंबवलेल्या तांदळाचा अर्क घेऊ का?

उत्तर : त्यातलं मोनॅकोलिन के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच. म्हणजे स्नायूंचा तोच त्रास, आणि प्रत्येक बाटलीत मात्रा वेगळी. शिवाय काही मालात सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला अपायकारक विष सापडतं. त्यापेक्षा दुखणं डॉक्टरांना सांगा. रक्तातलं क्रिएटिन कायनेज (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) तपासून ते मात्रा कमी करतील किंवा दुसरं स्टॅटिन देतील.