टार्गेट ८० पीसचं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रबाळ्याच्या एक्स्पोर्ट कंपनीत शिलाई मशीनवर आहे. पूर्वी एकच स्टाइल महिनाभर चालायची, आता चार-पाच दिवसांत बदलते. कॉलर लावायला तासाला ८० पीसचं टार्गेट. सुपरवायझर म्हणतात, परदेशी बायरचा दट्ट्या आहे, आम्ही काय करणार?

उत्तर : दट्ट्या खरा आहे, हात वर करणं खरं नाही. कुठल्या देशाचे किती कपडे अमेरिका-युरोपात जाणार, याचा कोटा २००४ अखेरपर्यंत होता. १ जानेवारी २००५ला तो उठला आणि बायर मोकळा झाला : इथे दर पटला नाही तर ऑर्डर ढाक्याला. बांगलादेशी कपड्यांना युरोपात आयातकरही लागत नाही. शिवाय माल साठवायचा नाही, थोडाथोडा मागवायचा, ही आता दुकानांची रीत. म्हणून ऑर्डर लहान, मुदत कमी. न्हावाशेव्याची बोट चुकली तर माल विमानाने जातो आणि ते भाडं बहुतेकदा कारखान्याच्या माथी बसतं. मग कारखाना ते लाइनवरच्या कामगारांकडून जास्त काम घेऊन वसूल करतो.

पण तासाचं टार्गेट बायर काढत नाही, ते तुमच्याच फ्लोअरवर निघतं. घड्याळ लावून एक पीस ४५ सेकंदांत निघाला, तर ३६०० भागिले ४५, झाले ८०. यात बॉबिन संपणं, धागा तुटणं, बंडल सोडणं, बाथरूमला जाणं, काहीच धरलेलं नाही. साधारण १५ ते २० टक्के वेळ वर धरावाच लागतो. २० टक्के धरले की ४५चे ५४ सेकंद होतात, म्हणजे तासाला ६६ पीस. नव्या स्टाइलवर हात बसेपर्यंत तेवढेही निघत नाहीत. ८०च्या नादात टाका सुटतो आणि अल्टर, म्हणजे दुरुस्तीचा पीस, तुमच्याच टेबलावर परत येतं.

तोंडी भांडू नका. आठवडाभर वहीत तासागणिक पीस, मशीन बंद राहिलेली मिनिटं आणि अल्टर लिहा. पाच-सहा जणींच्या वह्या एकत्र ठेवल्या की मॅनेजरला उडवून लावता येत नाही. ओटीचे (ओव्हरटाइमचे) तासही त्यातच मांडा. शिपमेंट कितीही अडलेली असो, ओटीचा दर दुप्पटच.

प्रश्न : आम्ही महाप्याला त्याच मशीनवर, ठेकेदार मात्र दरवर्षी नवा. पीएफ कापतात, पण पासबुकात चार महिने भरणाच नाही. धरायचं कोणाला?

उत्तर : दोघांना. ठेकेदाराने भरला नाही तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. मार्चचा भरणा १५ एप्रिलपर्यंत व्हायला हवा. पगाराची स्लिप, गेटपास आणि पासबुकाची प्रत जोडून वाशीच्या पीएफ कार्यालयात तक्रार द्या; तक्रारीत कंपनीचंही नाव घाला. नवा ठेकेदार आला की जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या, नाहीतर नोकरीचे तुकडे पडतात आणि पेन्शनसाठी लागणारी १० वर्षं जुळवताना दमछाक होते. बायकांच्या बाबतीत सर्रास होणारा घोळ म्हणजे पीएफवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. पैसे काढायच्या वेळी अर्ज तिथेच अडतो. दुरुस्ती कामावर असतानाच करून घ्या; ठेकेदाराने गाशा गुंडाळला की सहीसाठी हेलपाटे.

प्रश्न : सातवा महिना लागलाय. ‘राजीनामा दे, नंतर परत घेऊ’ म्हणतात.

उत्तर : सही करू नका. ईएसआयसी (कामगार विमा) कापली जात असेल आणि आधीच्या दोन सहामाहींत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांचा पूर्ण पगार ईएसआयसी देते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात.