बॅलड, बायलादैरा आणि एक खोडलेलं द्वंद्व

एका वाचकाने विचारलंय: डायना रॉस आणि लायनेल रिची यांचं 'एंडलेस लव्ह' हे 'सोल बॅलड' आहे, शिवाय 'ड्युएट'ही. लेखात त्यांनी त्याला द्वंद्वगीत म्हटलं. 'द्वंद्व म्हणजे भांडण' असं सांगून संपादकांनी ते खोडलं, युगुलगीत केलं, आणि जाता जाता 'बॅलड'चा 'पोवाडा' करून टाकला. बरोबर काय?

द्वंद्वाचं आधी उरकतो. 'द्वि'ची द्विरुक्ती होऊन द्वंद्व झालं, म्हणजे दोन-दोन, जोडी. भांडण हा मागाहून चिकटलेला अर्थ. 'आईवडील' हा द्वंद्व समास आहे. घरात काय चालतं ते सोडा, समासात तरी ती दोघं भांडत नाहीत. या गाण्यात पहिली ओळ रिची उचलतो, पुढची रॉस, आणि मग दोघांचे आवाज असे एकमेकांत शिरतात की कोण कुठे थांबलं ते कळू नये. याला द्वंद्वगीत म्हणायला कसली हरकत?

आता पोवाडा. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की दात-ओठ खायचंही सोडून दिलंय. 1981 सालचं, अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेलं हे कुजबुजतं प्रेमगीत, आणि त्याच्या मागे डफ, तुणतुणं आणि 'जी रं जी जी'!

या घोटाळ्याच्या मुळाशी अ‍ॅकवर्थसाहेब. वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे तेच. त्यांनी मराठी पोवाड्यांचे इंग्रजी अनुवाद 1894 मध्ये 'बॅलड्स ऑफ द मराठाज' या नावाने छापले. साहेबाचं काही चुकलं नव्हतं. इंग्रजीत बॅलड म्हणजे गोष्ट सांगणारं गाणं, आणि पोवाडा गोष्ट सांगतोच. चुकले ते आपले कोशकार. त्यांनी समीकरण उलटं वाचलं आणि बॅलडसमोर डोळे मिटून पोवाडा लिहिला. आंबा हे फळ आहे म्हणून प्रत्येक फळाला आंबा म्हणायचं का? एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या दिवाणखान्यांत पियानोवर म्हणायच्या हळव्या गाण्यांनाही बॅलड म्हणू लागले. सोल बॅलड त्या फांदीवरचं. तिथे ना लढाई, ना गड.

पण खरी गंमत याच्याही मागे आहे, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच मी हे उत्तर लिहायला घेतलं. बॅलडचं मूळ उत्तरकालीन लॅटिनमधलं 'बाल्लारे', म्हणजे नाचणे. दक्षिण फ्रान्सच्या जुन्या प्रोव्हांसाल भाषेत 'बालादा' म्हणजे नाचताना म्हणायचं गाणं. बॅले त्याच घरातला, बॉलडान्समधला बॉलही. याच 'बाल्लारे'चं पोर्तुगीजात झालं 'बायलार', आणि नाचणारी ती 'बायलादैरा'. पोर्तुगीज गोव्यात आले, देवळांतल्या कलावंतिणी त्यांनी पाहिल्या आणि त्यांना हेच नाव दिलं. ते नाव फ्रेंचांनी उचललं, 'बायादेर' केलं, आणि आपल्याकडच्या देवदासीला युरोपभर हे नाव पडलं. 1797 मध्ये जर्मन कवी गटेने देव आणि बायादेर यांच्यावर कविता लिहिली. कवितेचा प्रकार कोणता? बॅलड! 1877 मध्ये सेंट पीटर्सबर्गला नृत्यदिग्दर्शक पेतिपाने 'ला बायादेर' रंगमंचावर आणलं. ते काय? बॅले! एकाच आईच्या तीन लेकी, तिघी वेगवेगळ्या वाटांनी गेल्या आणि तिथे जाऊन एकमेकींना भेटल्या.

माझा एक लाडका तर्क आहे. पुरावा मागू नका, नाही. कोकणीत 'बायल' म्हणजे बाई, बायको. व्युत्पत्तीने त्याचा 'बायलार'शी काडीचाही संबंध नाही, आणि तो जोडणाऱ्यांशी मी दोनदा कडाकडा भांडलोय. पण नादाचं काय? पोर्तुगीज माणूस 'बायलादैरा' म्हणतोय आणि ऐकणाऱ्या गोंयकाराला त्यात 'बायल' ऐकू येतेय, म्हणून तो शब्द इथे परका वाटला नसेल, रुजला असेल. मला हे पटतं. एका भाषाशास्त्रज्ञ मित्राला पटत नाही. तो म्हणतो, नादावरून व्युत्पत्ती लावणं म्हणजे आडनावावरून सोयरीक जुळवणं. पण मी व्युत्पत्ती लावतोय कुठे? मी रुजण्याबद्दल बोलतोय. असो.

'सोल'चं 'आत्मसंगीत' कृपा करून करू नका. तो कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधल्या गॉस्पेल गायकीतून आलेल्या एका संगीतप्रकाराचा शिक्का आहे, वेदान्त नव्हे. सोल म्हणजे सोल. बॅलडही बॅलडच राहू द्या. गोव्यातल्या, वसईतल्या ख्रिस्ती लग्नांत नवरा-नवरी अशाच संथ गाण्यावर पहिला नाच नाचतात. 'बाल्लारे' तिथे अजून शाबूत आहे.

अरे हो, युगुलगीत. तेही चालतं. पण खोडलेलं द्वंद्व परत लिहा, आणि संपादकांना आईवडिलांचा समास सोडवायला सांगा.