ऑपरेशनआधी आईला नर्सनेच तपासलं, चालेल का?

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आईचं (वय ६८, शुगर आणि बीपी दोन्ही आहे) गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरलंय. आधीच्या तपासणीला गेलो तर डॉक्टर आलेच नाहीत, नर्स प्रॅक्टिशनर म्हणून एक बाई आल्या, त्यांनीच सगळं विचारलं, तपासलं, टेस्ट लिहून दिल्या. आई म्हणते एवढं मोठं ऑपरेशन आणि नर्सवर भागवतात? डॉक्टरच हवेत असं सांगू का?

उत्तर: आईंना असं वाटणं साहजिक आहे, आपल्याकडे नर्स म्हटलं की इंजेक्शन, सलाईन एवढंच डोळ्यापुढे येतं. पण तिकडे नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं तर आधी रजिस्टर्ड नर्स, मग मास्टर्स किंवा डॉक्टरेट, वर पुन्हा परीक्षा. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी हे शिक्षण सुरू केलं, म्हणजे आता साठ वर्षं झाली. ऑपरेशन सर्जनच करणार, भुलेचं भूलतज्ज्ञच बघणार, पण पेशंट त्या दिवशी टेबलवर घ्यायच्या स्थितीत आहे का हे आधी नीट बघायचं काम या बाई करतात, ईसीजीत काही वेगळं दिसलं तर हार्टच्या डॉक्टरांकडे पाठवतात. त्यामुळे अडून बसू नका.

मीही हेच काम करते आणि आपल्या लोकांच्या बाबतीत मला खरी धास्ती असते ती औषधांची. गोळ्या भारतातून आणलेल्या, नाव विचारलं की "शुगरची पांढरी" एवढंच सांगतात, आणि आपल्याकडच्या ब्रँडचं नाव तिथल्या कॉम्प्युटरला सापडत नाही. म्हणून स्ट्रिपच घेऊन जा, मागे बारीक अक्षरात आतलं औषध लिहिलेलं असतं. त्यात डापाग्लिफ्लोझिन हे शुगरचं औषध असेल तर ती गोळी साधारण ३ दिवस आधी थांबवतात, कारण त्या गोळीने उपाशीपोटी रक्तात ॲसिड साठू शकतं आणि गंमत म्हणजे शुगर तेव्हा फार वाढलेली दिसतही नाही, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. पण आपल्या मनाने काहीही बंद करू नका, रक्त पातळ करायची गोळी तर मुळीच नाही, कुठली कधी थांबवायची ती तारीख त्यांच्याकडूनच लिहून घ्या. आणि काढे, अश्वगंधा, लसणाच्या कॅप्सूल हे "औषध थोडंच आहे" म्हणून लपवू नका प्लीज, कशाने रक्त जास्त वाहतं, कशाने गुंगी वाढते.

दुसरं चहाचं. उपाशी या म्हटलं तरी आपल्या आया सकाळी कपभर चहा घेतातच! तिथल्या नियमाने पाणी किंवा कोरा चहा २ तास आधीपर्यंत चालतो, पण दूध पडलं की ६ तास धरतात, आणि मग ऑपरेशन पुढे ढकललं जातं. आईंना शुगरमुळे वेगळी वेळ सांगितली असेल तर तीच पाळा.

आईंना इंग्रजी जमत नसेल तर दुभाषा मागा, हॉस्पिटलला तो फुकट द्यावा लागतो, मराठीही फोनवर मिळतो. मुलासमोर आई काही गोष्टी बोलत नाही, लघवीचा त्रास वगैरे, दुभाष्याला सांगते.

आणि त्या बाईंचा नंबर फ्रिजवर लावून ठेवा. ऑपरेशनच्या आधी ताप आला, लघवीला जळजळ झाली, त्या पायाला साधं खरचटलं तरी लगेच फोन करा, कृत्रिम सांध्यात इन्फेक्शन शिरलं तर ते काढायला पुन्हा ऑपरेशन करायची वेळ येते.