भावी सरपंचास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

वाढदिवसाचा तुझा फ्लेक्स पाहिला. ‘भावी सरपंच’ वाचून हसू आलं, पण वाईट वाटलं नाही. गावातल्या पोराला पुढारी व्हावंसं वाटलं, तर त्यात गैर काय? फक्त तू आत्ता एकोणीसचा. पंचायतीची निवडणूक लढवायला 21 पूर्ण लागतात. मधली दोन वर्षं कुणाच्या तरी गाडीमागे बुलेट पळवण्यात घालवणार की काही शिकणार, ते विचारायला हे पत्र.

ग्रामसभेत बोलायला 18 पुरतात. मतदार यादीत नाव मात्र हवं. नसेल तर आधी ते काम कर.

मग गणपूर्ती समजून घे. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी, तेवढी माणसं सभेला लागतात. जमली नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! तुम्ही पारावर बसून पंचायतीला शिव्या घालत असता, तेव्हा आत पाच-सात जण ठराव मंजूर करतात आणि ते कायद्यात बसतं. मी ग्रामसेवकाची नोकरी केलेला माणूस आहे. रिकाम्या सभेइतकी कारभाऱ्यांच्या सोयीची दुसरी सभा नाही.

म्हणून पहिलं काम माणसं आणण्याचं. तुझ्या आळीतले येतीलच. तू वस्तीवर जा, मळ्यातल्या घरांवर जा, जिथे आजवर फक्त मतं मागायला गेलेत तिथे जा. लोक तोंडावर वाकडं बोलतील. उलट उत्तर न देता ऐकून घ्यायला जमलं, तर व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराची फी वाचली समज. आणि आईला विचार, महिला सभा शेवटची कधी झाली? ग्रामसभेआधी ती व्हावी असा नियम आहे. कित्येक गावांत वही घरोघर फिरते, सह्या होतात, सभा ‘झालेली’ असते.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) तू ऐकलं असशील. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा भाषणांत फार वापरतात. 2009 मध्ये या छोट्या गोंड गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. मला मात्र घोषणेपेक्षा त्यांचा अभ्यासगट मोठा वाटतो. तिथे बसून विषय समजून घ्यायचा, कायदा वाचायचा, बाहेरचा जाणकार बोलवायचा. निर्णय मात्र तिथे घ्यायचा नाही. तो ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीनं. बहुमतानं हरलेला माणूस गावातच राहतो आणि पुढच्या कामात पाय घालतो, हे ज्यानं गाव जवळून पाहिलंय त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

तुमचं गणेश मंडळ दोन दिवसांत वर्गणी गोळा करतं. त्यातलेच चार-पाच जण, आणि दोघी-तिघी मुलीही, आठवड्यातून एकदा बसा. पहिल्या बैठकीला पंचायतीचं अंदाजपत्रक घ्या, म्हणजे नमुना 1. पहिल्यांदा काही कळणार नाही. पाणीपट्टी किती येणं आहे आणि किती आली, एवढे दोनच आकडे शोधा. त्यावरून नळाला पाणी का नाही याचा निम्मा उलगडा होतो.

कार्यालयात गेलास तर आवाज चढवू नकोस. समोरच्या ग्रामसेवकाकडे बहुधा दोन-तीन गावं असतात (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं; कामं तीच). लेखी अर्ज दे, एका अर्जात एकच विषय, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घे. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धर. उत्तर नाहीच आलं, तर माहिती अधिकार आहे, 30 दिवसांची मुदत आहे. पण सुरुवात तिथून करू नकोस. माणसं बिचकतात आणि वर्षभर तुझ्याशी बोलत नाहीत.

सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. ती लागायच्या आत तुझा विषय लिहून दे. मसुद्याचा फोटो मला पाठव. शुद्धलेखन मी बघेन, मागणी काय करायची ते तुम्ही ठरवा.

तुझा,
काका